अँटिबॉडीच्या अंगावर नाव लिहिलेलं नसतं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



अँटिबॉडीवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. येऊ दे. मी आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली. आपण एखादी गोष्ट ओळखतो म्हणजे नेमकं काय करतो, आणि ओळखताना चुकतो तेव्हा काय होतं, हा माझा विषय. निवृत्त झाल्यावर मी इम्युनॉलॉजीची पुस्तकं वाचायला घेतली, पहिली दोन वर्षं तर शब्दकोश शेजारी घेऊनच. त्यामागे एक घरगुती कारण आहे. ते आधी सांगतो.

माझी एक मामेबहीण होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आम्ही तिला ताईच म्हणायचो. १९७३ सालची गोष्ट. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. नाव नोंदवायला गेली तेव्हा नेहमीप्रमाणे रक्त तपासलं. त्यात व्हीडीआरएल नावाची एक चाचणी असते, ती पॉझिटिव्ह आली. ही चाचणी उपदंशाची, आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात त्या रोगाची. तिच्या यजमानांचं रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. घरात कोणी आवाज चढवला नाही. सासूबाईंनी फक्त तिचं ताट-वाटी वेगळी काढली. पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली. पाचव्या महिन्यात मूल गेलं आणि ताई माहेरी आली ती वर्षभर राहिली. नंतर यजमान स्वतः येऊन तिला घेऊन गेले. पण पुढच्या खेपेलाही मूल राहिलं नाही, आणि 'त्या आजारामुळे' असं न बोलता सगळ्यांनी धरून टाकलं.

ताईला उपदंश कधीच झालेला नव्हता. मग चाचणी पॉझिटिव्ह का आली? आजचं व्याख्यान या एका 'का'वर आहे.

कुलूप आणि किल्ली

शाळेत आपल्याला एक चित्र शिकवतात. शरीरात जंतू शिरतो, शरीर त्याच्या मापाची अँटिबॉडी बनवतं, ती त्याच जंतूला जाऊन चिकटते. प्रत्येक कुलपाची आपापली किल्ली. ही उपमा १८९४ साली एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एन्झाइमांसाठी वापरली होती. पुढे पॉल एर्लिख यांच्यासारख्यांनी ती रोगप्रतिकाराच्या क्षेत्रात आणली. उपमा चांगली आहे, आणि बऱ्याच अंशी खरीही आहे. घटसर्पाच्या विषावरची अँटिबॉडी धनुर्वाताच्या विषावर चालत नाही, म्हणून तर लशीत दोन्हींसाठी वेगवेगळे घटक घालावे लागतात.

अँटिबॉडी म्हणजे एक प्रथिन. आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, किंवा आपल्या गलोलीच्या बेचक्यासारखा म्हणा. बेचक्याच्या दोन्ही टोकांना पकडायची जागा असते. ही टोकं अँटिबॉडीगणिक बदलतात, खालचा दांडा थोड्याच प्रकारांचा असतो. टोक परक्या वस्तूला धरतं आणि दांडा बाकीच्या यंत्रणेला हाक मारतो. म्हणजे अँटिबॉडी जंतूला मारत बसत नाही, बहुतेक वेळा ती त्याच्यावर खूण करते. मारणारे नंतर येतात.

आता या चित्राची अडचण कुठे सुरू होते ते पाहा. कार्ल लँडस्टायनर, ज्यांनी रक्तगट शोधले तेच, यांनी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं प्रथिनांना जोडून प्राण्यांना टोचली. ही रसायनं निसर्गात कधी नव्हतीच. तरी प्राण्यांनी त्यांच्यावर अँटिबॉडी बनवल्या. म्हणजे माणसाने काल बनवलेल्या कुलपाचीही किल्ली सशाच्या शरीरात निघते! ही किल्ली आली कुठून?

एक उत्तर सरळ वाटतं: कुलूप पाहूनच किल्ली घडवली जात असणार. १९४० साली लायनस पाउलिंग यांनी तसं मांडलं. प्रथिनाची लवचीक साखळी परक्या वस्तूभोवती ओल्या मातीसारखी बसते, साच्याचा आकार घेते आणि सुटी होते. पाउलिंग फार मोठे रसायनशास्त्रज्ञ, त्यांचं म्हणणं बरीच वर्षं टिकलं. पण त्यात गोम होती. साचा निघून गेल्यावरही शरीर अँटिबॉडी का बनवत राहतं? दुसऱ्यांदा तोच जंतू आला की उत्तर जास्त जलद आणि जास्त घट्ट का मिळतं? मातीला तर आठवण नसते.

मेनोचा प्रश्न

इथे तत्त्वज्ञान आत येतं, आणि ते मी ओढून आणत नाहीये. १९५४च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी नील्स येर्ने हे डॅनिश शास्त्रज्ञ कोपनहेगनमधल्या आपल्या संस्थेतून पायी घरी चालले होते. वाटेत त्यांना नवं उत्तर सुचलं. ही आठवण त्यांनीच पुढे लिहून ठेवली आहे, आणि त्यात त्यांनी कीर्केगार्द आणि सॉक्रेटिस यांची नावं घेतली आहेत. प्लेटोच्या 'मेनो' या संवादातला जुना पेच तुम्हाला माहीत असेल. जी गोष्ट आपल्याला ठाऊकच नाही तिचा शोध आपण घेणार कसा? आणि ती समोर आली तरी हीच ती, हे कळणार कसं? सॉक्रेटिसचं उत्तर असं की ज्ञान बाहेरून आत घालता येत नाही, ते आधीपासून आत असावं लागतं. येर्ने म्हणाले, 'सत्य' या शब्दाच्या जागी 'अँटिबॉडी बनवण्याची क्षमता' असं घालून वाचा, आणि तुम्हाला माझा सिद्धान्त मिळेल.

म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. पाउलिंगचं शरीर म्हणजे शिंपी. गिऱ्हाईक आल्यावर माप घेतो, मग कापड बेततो. येर्नेचं शरीर म्हणजे लक्ष्मी रोडवरचं तयार कपड्यांचं दुकान. हजारो कपडे आधीच शिवून टांगलेले आहेत. कुणासाठी शिवले? कुणासाठीच नाही. गिऱ्हाईक येतं, घालून बघतं, त्यातला एखादा बऱ्यापैकी बसतो. मग दुकानदार आतल्या कारागिराला सांगतो, तसले आणखी काढ.

१९५५ साली येर्नेंनी हे छापलं. १९५७ साली ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. निवड सुट्या अँटिबॉडीची होत नाही, पेशीची होते. प्रत्येक बी पेशी एकाच तऱ्हेची अँटिबॉडी अंगावर मिरवते. जिची अँटिबॉडी जंतूला लागते ती पेशी वाढते, तिच्या हजारो लेकी होतात, आणि त्यातल्या काही पुढच्या वेळेसाठी राहून जातात. ही झाली आठवण.

इतके कपडे शिवायला नमुने कुठून आणायचे? माणसाकडे प्रथिनांची जनुकं वीस हजारांच्या आसपास. प्रत्येक अँटिबॉडीला एक जनुक द्यायचं म्हटलं तर पुरणार नाहीत. १९७६ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या संस्थेत सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं की बी पेशी घडताना जनुकांचे तुकडे कापून नव्याने जोडले जातात. त्या वेळी त्या संस्थेचे संचालक होते नील्स येर्ने. अँटिबॉडीच्या जड साखळीसाठी तीन पेट्यांतून एकेक तुकडा उचलायचा: एका पेटीत साधारण ४०, दुसरीत २३, तिसरीत ६. गुणाकार ५,५२०. हलक्या साखळीच्या अशाच तीनेकशे जोड्या. दोन्ही मिळून सतरा-अठरा लाखांच्या घरात जातं. शिवाय तुकडे जोडताना सांध्यावर चार-दोन अक्षरं आपोआप वाढतात किंवा गळतात. त्यामुळे शक्य नमुन्यांची संख्या अब्जांच्याही पुढे जाते.

सैल कपडा

आता येर्नेच्या दुकानातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. जो कपडा कुणासाठीच शिवलेला नाही, तो एकालाच बसेल असं कसं होईल? तो रामरावांनाही बसेल, शेजारच्या गणपतरावांनाही बसेल, आणि खुंटीलाही अडकेल.

हे दुकानाचं वैगुण्य नाही. हिशेब करून पाहा. जगातल्या जंतूंचे, विषांचे, परागकणांचे आकार किती? त्यांना मोजदाद नाही, आणि रोज नवे येतात. शरीरात एका वेळी असणाऱ्या बी पेशी मात्र मर्यादित. अगणित गिऱ्हाइकं आणि मोजके कपडे. मग प्रत्येक कपडा पुष्कळांना सैलसर बसणारा असेल तरच दुकान चालेल. जे दुकान फक्त नेमक्या मापाचे कपडे ठेवील, त्याच्या दारातून नवं गिऱ्हाईक हात हलवत परत जाईल. शरीराच्या बाबतीत ते नवं गिऱ्हाईक म्हणजे नवा रोग.

हा सैलपणा रेणूच्या पातळीवर कसा येतो? तीन-चार वाटा आहेत.

पहिली वाट जागेची. बेचक्याच्या प्रत्येक टोकाला सहा लहान वेटोळी असतात, हाताच्या बोटांसारखी. एखादी वस्तू धरताना सगळा पंजा वापरला जात नाही. एक वस्तू अंगठा आणि तर्जनीत बसते, दुसरी करंगळीकडे. पंजा एकच, पकडी निरनिराळ्या.

दुसरी वाट लवचिकतेची. ही बोटं दगडाची नाहीत, ती हलतात. २००३ साली लिओ जेम्स, डॅन तौफिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराची एक अँटिबॉडी बारकाईने तपासली. एसपीई-७ असं तिचं नाव. ती काहीही न धरता मोकळी असतानाच दोन निरनिराळ्या आकारांत आढळली. एका आकारात तिच्या टोकाशी लहान रसायनाला बसायला खळगा होता, दुसऱ्या आकारात तिने एका अख्ख्या प्रथिनाला धरलं. साखळीतली अक्षरं तीच, हात तोच, फक्त मूठ वेगळी. कुलूप-किल्लीच्या चित्रात किल्ली अशी वाकत नाही.

तिसरी वाट चिकटपणाची. पकडीच्या जागी टायरोसीनसारखी काही अमिनो आम्लं जास्त असतात, त्यांचं बऱ्याच पृष्ठभागांशी जमतं. कुठे विद्युतभार जुळतो, कुठे तेलकट भाग तेलकट भागाला धरतो. माळावरून चालून आलात की धोतराला कुसळं लागतात ना? कुसळाला धोतर ओळखू येत नाही. त्याचा आकडा कुठल्याही धाग्यात अडकतो.

आणि चौथी वाट संख्येची. शरीर सुरुवातीला जी अँटिबॉडी सोडतं, तिला आयजीएम म्हणतात. तिच्यात पाच बेचकी एकत्र गुंफलेली, म्हणजे पकडायच्या दहा जागा. एकेक पकड ढिली असली तरी दहा मिळून वस्तू सुटत नाही.

याचं एक उदाहरण आपण सगळे अंगात बाळगून आहोत. ओ रक्तगटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी गटांविरुद्ध अँटिबॉडी असतात. त्याला कधी कुणाचं रक्त दिलेलं नसतानाही असतात. का? आपल्या आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर ए-बीसारख्याच साखरा असतात. शरीराने अँटिबॉडी बनवली जिवाणूकडे पाहून, ती लागू झाली शेजाऱ्याच्या रक्ताला. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोक शोधले की ज्यांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. तोच तो 'बॉम्बे' रक्तगट. ओ गटाच्या पेशीवर जी पायाभूत साखर असते, तीच या लोकांकडे नसते. म्हणून तिच्याविरुद्धही त्यांच्याकडे अँटिबॉडी तयार असते. मुंबईच्या रक्तपेढ्यांत आजही या लोकांच्या याद्या जपून ठेवतात, कारण त्यांना एकमेकांचंच रक्त चालतं.

अल्टर करताना

पण मग सगळंच सैल असेल तर लस उपयोगी कशी पडते? कारण दुकानात अल्टर करायची सोय आहे.

जंतूला धरणारी बी पेशी लसिका ग्रंथीत जाते, म्हणजे गळ्यात, काखेत गाठी येतात ना, तिथे. तिथे ती वेगाने वाढते, आणि वाढताना अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम चुका केल्या जातात. एरवी पेशी आपल्या जनुकांना फार जपते. इथे मात्र बदलाचा वेग नेहमीच्या जवळजवळ दहा लाख पट असतो. बहुतेक बदल वाया जातात. एखाद्या बदलाने पकड घट्ट होते, ती लेक पुढे जाते. असं काही आठवडे चालतं. शेवटी उरलेली अँटिबॉडी घट्ट बसणारी असते, आणि पुष्कळदा तिची बोटंही आधीपेक्षा ताठ झालेली असतात.

दुसरी सोय चाळणीची. हाडांच्या मगजात नव्या जन्मलेल्या बी पेशी घ्या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात हेडा वार्डेमान आणि सहकाऱ्यांनी २००३ साली माणसाच्या अशा पेशी एकेक करून तपासल्या. अगदी कोवळ्या पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशींच्या अँटिबॉडी आपल्याच शरीरातल्या कशाला ना कशाला चिकटत होत्या! अर्ध्याहून जास्त! पुढे पायरी पायरीने शरीर त्यांना मारतं, गप्प करतं किंवा त्यांची जुळणी बदलायला लावतं. प्रौढ होईपर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास येतं. शून्यावर मात्र येत नाही.

एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटलं होतं की शरीराला स्वतःवर उलटण्याचं भय असतं, ते तसं करणार नाही. आज आपण म्हणतो, शरीर जन्मतः स्वतःवर उलटायला तयार असतं, त्याला रोज आवरावं लागतं.

आवरताना काय होऊ शकतं, याचा एक प्रयोग मला फार अस्वस्थ करून गेला. १९८४ साली बेटी डायमंड आणि मॅथ्यू शार्फ यांनी उंदराच्या पेशींतली एक अँटिबॉडी घेतली. ती न्यूमोनियाच्या जिवाणूवरच्या एका रेणूला धरायची, अगदी सद्गुणी. तिच्यात एक बदल झालेला त्यांना सापडला. एक अमिनो आम्ल, फक्त एक. त्या एका बदलाने ती जिवाणूला सोडून डीएनएला चिकटायला लागली. डीएनएला चिकटणारी अँटिबॉडी ही ल्युपस या आजाराची खूण आहे. रक्षक आणि मारेकरी यांच्यामध्ये एका अक्षराचं अंतर होतं.

शिंपल्यावरचं रुपं

आपल्या दर्शनांत भ्रमाचं एक ठरलेलं उदाहरण आहे: शिंपला उन्हात चमकतो आणि बघणाऱ्याला रुपं वाटतं. नैयायिक म्हणतात, यात रुपंही खोटं नाही आणि शिंपलाही खोटा नाही. चमक दोघांत समान आहे. समान धर्म पाहून एकाचं नाव दुसऱ्याला दिलं, चूक तेवढीच. आता हीच चूक रोगांत पाहू.

घसा दुखतो, स्ट्रेप्टोकोकस नावाचा जिवाणू असतो. त्याच्या अंगावरचं एम प्रथिन आणि हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन ही दोन्ही पिळलेल्या दोरीसारखी. जिवाणूवरची अँटिबॉडी काही मुलांत हृदयाला लागते. हा संधिवाती ताप. यातून झडपा खराब झालेली माणसं आपल्या पिढीने घराघरांतून पाहिली आहेत. घशाच्या आजारावर वेळेवर पेनिसिलिन दिलं तर हे बहुतेक टळतं, हे मुद्दाम सांगतो.

डेंग्यूचं वेगळं. त्याचे चार प्रकार. एकदा एक झाला की त्याच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकारालाही धरतात, पण ढिल्या हाताने. धरतात, निकामी करत नाहीत. काही पांढऱ्या पेशी खूण पाहून त्या विषाणूला आत घेतात आणि तो आत वाढतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू पुष्कळदा जास्त घातक ठरतो. अर्धवट ओळख ही कधी कधी अनोळखीपेक्षा वाईट.

आणि आता ताईची चाचणी.

१९०६ साली बर्लिनमध्ये वासरमान आणि सहकाऱ्यांनी उपदंशासाठी रक्ताची चाचणी काढली. जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हता, म्हणून त्यांनी उपदंशाने दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरला, कारण त्यात जंतू ठासून भरलेले. चाचणी चालली. पण थोड्याच काळात लक्षात आलं की निरोगी यकृताचा, इतकंच काय बैलाच्या हृदयाचा अर्क घेतला तरी ती तितकीच चालते! म्हणजे चाचणीत जंतूची गरजच नव्हती. पुढे १९४१ साली मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो स्निग्ध पदार्थ वेगळा केला. हृदयातून काढला म्हणून नाव कार्डिओलिपिन. तो आपल्या बहुतेक पेशींच्या ऊर्जाघरात, मायटोकाँड्रियात असतो. व्हीडीआरएल चाचणीत आजही हाच वापरतात.

नीट लक्षात घ्या. ही चाचणी 'उपदंशाचा जंतू आहे का' असं विचारतच नाही. ती विचारते, 'या रक्तात कार्डिओलिपिनला धरणाऱ्या अँटिबॉडी आहेत का?' उपदंशात त्या येतात हे खरं. पण मलेरियानंतर येऊ शकतात, कुष्ठरोगात येऊ शकतात, आणि ल्युपसमध्ये येतात. ल्युपसची ठळक लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीही येतात. हे १९५० च्या दशकात वैद्यकाला ठाऊक होतं. ताईच्या गावी कुणी सांगितलं नाही, इतकंच.

१९८५ मध्ये ताईचे सांधे सुजले, गालांवर लाल चट्टे आले. मुंबईला दाखवलं. ल्युपस निघाला. त्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले, व्हीडीआरएलचा रिपोर्ट पाहिला आणि खात्रीची दुसरी चाचणी केली, प्रत्यक्ष उपदंशाच्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी. ती निगेटिव्ह. मग त्यांनी विचारलं, "मुलं किती महिन्यांची गेली?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला, ते मला फार उशिरा कळलं. १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहॅम ह्यूज यांनी दाखवलं होतं की याच कुळातल्या काही अँटिबॉडी रक्तात गुठळ्या करतात, वारेतल्या रक्तवाहिन्या बंद पडतात आणि गर्भ जातो. आज अशा बाईला कमी मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन देतात, आणि पुष्कळ जणींची मुलं सुखरूप जन्मतात.

म्हणजे बघा. १९७३ सालच्या त्या कागदावरचा ठिपका बिनबुडाचा नव्हता. ताईच्या रक्तात खरोखरच काही होतं, आणि तिची मुलं बहुधा त्याच कुळातल्या अँटिबॉडींनी नेली. चमक खरी होती. तिला नाव चुकीचं दिलं गेलं, आणि त्या नावाबरोबर एक आरोप चिकटला.

सैलपणाचं देणं

हे सगळं ऐकून वाटेल की शरीराने हा सैलपणा टाकून का दिला नाही? टाकला असता तर आपण इथे नसतो. जेनरने १७९६ साली गाईच्या देवीची लस मुलाला दिली आणि माणसाच्या देवीपासून त्याचं रक्षण झालं, ते या सैलपणामुळेच. एका विषाणूवरची ओळख त्याच्या भावाला लागू झाली आणि त्या वाटेने जगातून देवी गेली.

एचआयव्हीचं पाहा. या विषाणूच्या अंगावर काटे थोडे, लांब लांब. अँटिबॉडीचे दोन्ही हात एकाच वेळी दोन काट्यांपर्यंत पोचणं अवघड. २०१० साली असं दिसलं की या विषाणूवरच्या बऱ्याच अँटिबॉडींच्या अंगी बहुविध चिकटपणा असतो. त्या एका हाताने काटा धरतात आणि दुसऱ्या हाताने विषाणूवरचं मिळेल ते. ज्या गुणाला आपण दोष म्हणालो, तोच इथे आधार झाला.

म्हणून माझं सांगणं एवढंच की अँटिबॉडीच्या अंगावर तिच्या लक्ष्याचं नाव लिहिलेलं नसतं. 'डेंग्यूची अँटिबॉडी', 'उपदंशाची अँटिबॉडी' ही आपण दिलेली नावं, आपल्या सोयीसाठी. ती ओळखत नाही, ती धरते. ओळखायची जबाबदारी आपली.

एक प्रश्न

(सभागृहातून एका श्रोत्यांनी विचारलं: सर, मग रिपोर्टवर विश्वास ठेवायचाच नाही का?)

ठेवायचा, पण तो कशाचं उत्तर देतोय हे विचारून ठेवायचा. एक कल्पित हिशेब सांगतो. समजा, हजार गरोदर बायका तपासल्या. त्यांत खरा उपदंश दोघींना. आणि समजा, चाचणी निरोगी शंभरांत एकीला चुकून पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे चाचणी तशी चांगलीच म्हणायची. आता पॉझिटिव्ह किती? दोन खऱ्या आणि सुमारे दहा खोट्या. बारांतल्या दहा जणींचा काही संबंध नाही. म्हणून पहिली चाचणी चाळण्यासाठी असते, निवाड्यासाठी नसते. तिच्यानंतर खात्रीची दुसरी चाचणी, तीही वेगळ्या तत्त्वावरची, करायचीच. आणि म्हणून चाचणी टाळायचीही नाही, कारण त्या दोघींची मुलं उपचाराने वाचतात.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितल्यावर ताई बराच वेळ गप्प बसली. मी बरोबर होतो. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "बाई, हे एका कागदावर लिहून द्याल का? मराठीत."

त्यांनी लिहून दिलं. चार ओळी, खाली सही आणि तारीख. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. तरी तो कागद ताईने शेवटपर्यंत कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला होता. तिच्या माघारी कपाट आवरताना तो मला सापडला, आणि तेव्हापासून मी ही पुस्तकं वाचतोय.